पान बावन्न

सव्वादहाला मोबाइलवर हिरवा ठिपका उमटला की भिंगरीची आई अर्धा श्वास सोडायची. उरलेला अर्धा सुटायचा संध्याकाळी, वही तपासून झाल्यावर.

ठिपक्याची व्यवस्था सोपी होती. मुख्यालयातून रोज सकाळी सगळ्या शाळांना एकच पान जायचं. दुसरीचं गणित आज पान एकावन्न म्हटलं की डोंगरावरच्या शाळेत एकावन्न आणि बंदराजवळच्या शाळेतही एकावन्न. शिक्षकांनी ते पान फळ्यावर लिहायचं, फळ्याचा फोटो काढायचा आणि सव्वादहाच्या आत वर पाठवायचा. फोटो पोचला की पालकांना हिरवा ठिपका, शेजारी 'आजचे पान पूर्ण'. नाही पोचला तर लाल. लाल ठिपका तिने आजवर एकदाच पाहिला होता. त्या दिवशी शाळेतली वीज गेली होती, आणि ते कळेपर्यंत तिने शाळेत तीन फोन केले होते.

ती रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती. काम आकडे जुळवण्याचं. नळीवरचा नंबर, चिठ्ठीवरचा नंबर, संगणकावरचा नंबर. तिन्ही एक असले तर नळी पुढे सरकवायची. एखादा हलला तर 'जुळत नाही'चं बटण दाबून नळी बाजूला ठेवायची. मग कोणीतरी येऊन बघायचं, बहुतेक वेळा कोणाच्या तरी घाईची चूक निघायची आणि नळी परत रांगेत लागायची. त्यात कोणाला वाईट वाटत नसे, कोणाचं काही जात नसे. आठ वर्षं हेच केल्यामुळे तिची नजर अशी झाली होती की दुकानातली बरणीसुद्धा वरची तारीख वाचल्याशिवाय तिला उचलवत नसे.

नवरा म्हणायचा, "सकाळी उठल्यावर मलाही लग्नातल्या फोटोशी ताडून बघत असशील तू."

"बघते ना. केस जुळत नाहीत."

भिंगरीचं पटावरचं नाव वेगळं होतं, पण एका जागी बसून तिने घास संपवल्याचं कोणी पाहिलेलं नसल्यामुळे घरात ती भिंगरीच. त्या सोमवारी संध्याकाळी ती खुर्चीभोवती गोल फिरत असताना आईने दप्तर उघडलं.

"गणिताची वही कुठेय?"

"काल दाखवली की."

"काल रविवार होता. आजची दाखव."

वहीत जुड्या होत्या. दहा काड्या काढायच्या, त्यांच्याभोवती रबराचं कडं काढायचं, की झाली एक जुडी. बाजूला सुट्या काड्या. खाली वेड्यावाकड्या अक्षरात, '३ जुड्या ४ सुट्या'. आदल्या पानावरही जुड्याच. त्याच्या आदल्या पानावरही. एरवी ती त्या दिवसाचंच पान तपासायची. आज पहिल्यांदा तिने मागच्या तारखा मोजल्या. शाळेचे नऊ दिवस नुसत्या जुड्या. मोबाइल उघडला. त्याच नऊ दिवसांचे नऊ हिरवे ठिपके, पान चव्वेचाळीस ते पान बावन्न. बावन्नावं पान हातच्याच्या वजाबाकीचं.

"भिंगरे, आज हातच्याची वजाबाकी झाली ना वर्गात?"

"हातचा म्हणजे?" फिरता फिरता उत्तर आलं.

 वर्षअखेरीला सगळ्या शाळांची एकच परीक्षा व्हायची, आणि तिसरीत कोण कुठल्या तुकडीत बसणार ते त्यावर ठरायचं. ठिपक्याच्या खाली एक छोटं बटण होतं, 'वही व नोंद जुळत नाही'. ते दाबताना तिच्या मनात भांडण नव्हतं. जुळत नाही, एवढंच सांगायचं होतं. कोणीतरी बघेल आणि नळी परत रांगेत लागेल.

"बाईंनाच विचारायचं होतंस," नवरा म्हणाला.

"विचारलं असतं तर त्यांना वाटलं असतं, मी तक्रार करतेय."

शुक्रवारी निरोप आला. 'पडताळणी भेट गुरुवारी अकरा वाजता. तक्रारदार पालकाने उपस्थित राहावे.' तक्रारदार हा शब्द तिने तीनदा वाचला. मग लॅबच्या जिन्यात जाऊन शाळेला फोन लावला. हेडसर फोनवर नेहमीच हळू बोलत, जसं काही पलीकडच्या खोलीत कोणी आजारी माणूस झोपलंय.

"आता कशाला फोन करता ताई? जायचं ते वर गेलं."

"अहो, मी फक्त जुळत नाही म्हटलं. तक्रार कुठे केली?"

"तिथे दोन्हीचं बटण एकच आहे." हेडसर थांबले. "बाईंच्या नावावर आधीची एक नोंद आहे, मागच्या शाळेतली. दुसरी सिद्ध झाली की वर्ग काढून घेतात. मग वर्षभर मुख्यालयाच्या नोंद कक्षात बसायचं, दुसऱ्यांचे फोटो तपासत."

"आणि वर्ग?"

"वर्गाला पडदा."

पडदा तिला माहीत होता. शेजारच्या तिसरीला तो लागला होता. मुख्यालयातल्या एक हसऱ्या बाई भिंतीवर यायच्या, पान समजावून सांगायच्या आणि विचारायच्या, "समजलं ना मुलांनो?" तीन सेकंद थांबायच्या. मग म्हणायच्या, "छान!" एकदा फी भरायला गेलेली असताना भिंगरीच्या आईने दारातून पाहिलं होतं. त्या तीन सेकंदांत एक मुलगी हात वर करून उभी होती. 'छान' झाल्यावर ती खाली बसली.

शनिवार-रविवार तिला धड जेवण गेलं नाही. बुधवारी तिने लॅबमधून लवकर निघून शाळा गाठली. मुलं गेली होती. बाई खाली वाकून बाकांखालच्या काड्या गोळा करत होत्या. पन्नाशीच्या आसपासच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, उजव्या बाहीवर कोपरापर्यंत खडूची पांढरी पट्टी.

"बाई, मी भिंगरीची आई."

"माहितेय. या. तिकडच्या बाकाखाली दोन दिसतायत, तेवढ्या द्या उचलून."

तिने काड्या उचलून दिल्या. येताना मनात जुळवलेली सगळी वाक्यं त्या काड्यांबरोबर गेली.

"मला ठाऊक नव्हतं असं होईल ते," ती म्हणाली.

"कसं असणार? बटणावर लिहिलेलं नसतं." बाईंनी काड्या डब्यात टाकल्या. "तुम्ही वही बघता रोज?"

"रोज."

"चाळीस घरांत वही बघणारी तीन-चार घरं. त्यातलं तुमचं निघालं."

हा टोमणा की कौतुक, हे तिला कळेना. मग तिलाच राग आला. "पण ठिपका हिरवा कसा, बाई? पान घेतलंच नाहीत, मग पूर्ण कसं? मी रोज सव्वादहाला तो बघून निर्धास्त व्हायची."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "सकाळी पान लिहिते, फोटो काढते, पुसते. मग डबा उघडते."

"म्हणजे खोटं."

"खोटंच. मागच्या शाळेत खरं सांगितलं होतं. आज पान घेतलं नाही, मुलं तयार नाहीत, असं लिहून पाठवलं. ती माझी पहिली नोंद. तेव्हापासून फोटो काढायला लागले." बाई बाकावर टेकल्या. "त्रेचाळीसाव्या पानाला आम्ही अडलो. बेचाळीस लिहिलं की त्यातला चार हा सव्वीसजणांना नुसता चार वाटत होता. चाळीस नाही, चार. अशा मुलांना हातचा शिकवता येतो हो. खोडायचं, वर एक लिहायचा, पोरं घडाघडा करतात. का, ते विचारायचं नाही."

"मग आम्हाला सांगायचंत."

"चाळीस घरांना सांगितलं की एखाद्या घरातून वर जातंच."

"न सांगताही गेलंच की."

"गेलं," बाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचा आवाज थोडा थकलेला वाटला. "उद्या तुम्ही काय ते खरं सांगा. माझ्यासाठी काही जुळवाजुळव करू नका. तुमच्या तोंडावर सगळं उमटतं, आत्ताही उमटलंय."

घरी येताना तिने पडद्यावरच्या हसऱ्या बाईंचा चेहरा आठवून पाहिला. आणि त्यापुढे भिंगरी, गोल गोल फिरणारी, प्रश्न विचारणारी, तीन सेकंदांत न मावणारी. बाई गेल्या तर ते आपल्यामुळे, हे मग कुठल्याच नोंदीत दिसणार नव्हतं. तिला मात्र दिसणार होतं.

गुरुवारी तपासनीस अकराला पाच कमी असताना आले. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, काखेत टॅब, हातात घरून आणलेली पाण्याची बाटली. कोणाला त्रास देण्याची इच्छा नसलेला माणूस असावा, असं त्यांच्या चालण्यावरून वाटत होतं. त्यांनी भिंगरीच्या आईला वर्गाच्या दाराशी खुर्ची द्यायला लावली. हेडसर त्या खुर्चीमागे उभे राहिले. बाई खिडकीशी.

टॅबने पाच हजेरी क्रमांक काढले. भिंगरीचा त्यात नव्हता, आणि हे तिला अजिबात पसंत पडलं नाही. पाच मुलांना एकेक कोरा कागद मिळाला. गणित पान बावन्नमधलं, बेचाळीस वजा सतरा.

"जुड्या देता का?" बुटाची नाडी सुटलेल्या एका मुलाने विचारलं.

"साहित्य वापरायचं नाही," तपासनीस म्हणाले. सूचना वाचून दाखवावी तसे.

मुलगा जरा वेळ कागदाकडे बघत राहिला. मग त्याने चार जुड्या काढल्या आणि दोन सुट्या काड्या. सुट्यांतून सात कशा जाणार, या विचारात पेन्सिलीचं टोक चावलं. मग एका जुडीचं कडं रबराने पुसलं आणि तिच्या दहा काड्या सुट्यांशेजारी नेऊन मांडल्या. हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. खिडकीशी उभ्या बाईंचा हात एकदम बाहीवर गेला आणि तिथेच थांबला.

"दोन जुड्या पाच!" मागून भिंगरी ओरडली.

"ज्याला विचारलंय त्यानेच बोलायचं."

"पण मला कोणी विचारतच नाही ना!"

वर्ग हसला. तिच्या आईने कपाळावर हात मारून घेतला.

पाचांपैकी चौघांचं उत्तर पंचवीस आलं. तपासनीसांनी कागदांचे फोटो काढले आणि टॅब कागदांवर विचार करत बसला. मग पाच लाल फुल्या आल्या. 'पानातील पायऱ्या आढळल्या नाहीत.'

"चार उत्तरं बरोबर आहेत," बाई म्हणाल्या.

"दिसतंय मला."

"मग?"

"मला दिसलेलं भरायला इथे जागा नाही, बाई." ते पुटपुटले. मग, जरा वेळाने, "एकोणीस वर्षं शिकवलंय मीही." आणि त्यांनी बाटली उघडून पाणी प्यायलं.

हेडसरांच्या खोलीत त्यांनी टॅब भिंगरीच्या आईसमोर ठेवला. पडद्यावर दोन चौकटी होत्या. 'नोंद कायम ठेवते.' 'नोंद चुकून झाली.'

"कायम ठेवलीत तर चाचणीचा निकाल जोडून आजच वर जाईल," तपासनीस म्हणाले. "चुकून झाली म्हणालात तर भेटच रद्द होते. मग निकालही राहत नाही." ते खिडकीबाहेर बघत होते. "होतं असं पुष्कळदा. हातात मोबाइल, समोर चिरायला भाजी. लागतं बोट."

"मी आठ वर्षं लॅबमध्ये हेच काम करते," ती म्हणाली. "माझं बोट लागत नाही."

मागे हेडसरांना खोकला आला.

"म्हणजे, वही आणि नोंद जुळत नव्हती, हे खरंच आहे," ती घाईघाईने म्हणाली. "पण आता मला कळलंय का जुळत नव्हती ते. तिसरी चौकट नाही का, बघितलं आणि समजलं, अशी?"

"'समाधान झाले' अशी आहे. पण पान शिकवल्याचं सिद्ध झालं तरच ती उघडते."

"आणि दुसरी दाबली तर मला काय?"

तपासनीसांनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. हा प्रश्न लोक विचारत नसावेत. "चुकीची नोंद करणाऱ्या पालकाचं खातं वर्षअखेरपर्यंत बंद राहतं. ठिपके, गुण, हजेरी, काही दिसणार नाही."

 वर्षअखेरपर्यंत म्हणजे सात महिने. सात महिने भिंगरी सकाळी फाटकातून आत जाणार आणि दुपारी बाहेर येणार, मधलं सगळं अंधारात.  शिवाय धडधडीत खोटं. काल याच शाळेत, बाकाशी उभं राहून, ती बाईंना 'म्हणजे खोटं' म्हणाली होती, आणि किती ठसक्यात.

तिने दुसरी चौकट दाबली. टॅबला तेवढ्याने भागलं नाही. 'मी ही नोंद चुकून केली, हे खरे आहे,' असं वाक्य आलं आणि खाली पुन्हा एक चौकट. तिने तीही दाबली. पर्समधला मोबाइल थरथरला. खातं बंद झालं होतं. एवढं तत्पर काम तिने या व्यवस्थेत आधी पाहिलं नव्हतं.

तपासनीसांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं, "चला, येतो," म्हणाले, आणि जाताना वर्गाच्या दाराशी अर्धा मिनिट उगाच थांबले. आत कोणीतरी जुडीत अकरा काड्या बांधल्या म्हणून भांडण चाललं होतं. मग ते गेले.

मधल्या सुट्टीत बाई तिला व्हरांड्यात भेटल्या.

"बोट लागलं म्हणे."

"हो."

"सरांनी सांगितलं, खातं बंद केलं." बाईंनी आभार मानले नाहीत. तिलाही ते नको होते, मानले असते तर तिला रडू आलं असतं. "मग आता काय करणार तुम्ही? तुम्हाला बघितल्याशिवाय करमत नाही."

"माहीत नाही."

"गुरुवारी येऊन बसा वर्गात. मागच्या बाकावर."

"चालतं तसं?"

"मनाई करायचं अजून कोणाला सुचलेलं नाही."

लॅबमध्ये तिने गुरुवारची सकाळ एका सहकारिणीच्या शनिवारशी बदलून घेतली. नवरा म्हणाला, "परत दुसरीत बसणार? बघ हं, पास व्हायला लागेल." पुढच्या गुरुवारी ती गुडघे छातीशी घेऊन मागच्या बाकावर बसली. सव्वादहाच्या आधी फळ्यावर पान पासष्ट सुबक अक्षरात उमटलं, त्याचा फोटो निघाला आणि ते पुसलं गेलं. मुलांनी तिकडे पाहिलंही नाही, जशी घरात कोणी खिडकी लावली तर आपण बघत नाही. मग डबा उघडला.

तास संपल्यावर बाईंनी विचारलं, "काय मग? जुळलं?"

तिने बरंच काही चांगलं पाहिलं होतं, आणि तेच सांगायचं तिने ठरवलंही होतं. पण तोंडून वेगळंच निघालं. "खिडकीजवळच्या त्या दोघांपर्यंत डबा पोचतच नाही. पुढचे घेतात, मधले घेतात, तिथपर्यंत काड्या संपतात. ते दोघं नुसते बघत होते. पूर्ण तास."

बाईंचा चेहरा आवळला. "चाळीस आहेत वर्गात."

"आज एकोणचाळीस. एक गैरहजर."

"मला माहीत आहेत ते दोघं."

"माहीत आहेत, मग?"

बाईंनी डब्याचं झाकण जरा जोरातच लावलं. "मग काय! मी काय झोपा काढते?" आणि निघून गेल्या. भिंगरीच्या आईने तो दिवस ओठ चावत घालवला. मुख्यालयाशी बोलावं तसं आपण बोललो, की मुख्यालय आपल्याशी बोलतं तसं, हे तिला ठरवता येईना.

पुढच्या गुरुवारी तिने जाऊ नये असं नवऱ्याचं मत होतं. ती गेली. खिडकीजवळचे दोघं पहिल्या बाकावर होते आणि डबा त्यांच्यापाशी सुरू होत होता.  मुख्यालयाचं पान सत्तर पुसून झाल्यावर बाईंनी फळ्यावर बेचाळीस लिहिले, खाली सतरा, आणि विचारलं, "जुडी सोडायची हे तर तुम्हीच शोधून काढलंत. आता ते आकड्यांत कसं लिहायचं, बघूया का?" चाळीस मिनिटांत पान बावन्न झालं. खिडकीजवळच्या दोघांतल्या एकाला आलं, एकाला नाही. भिंगरीला आलं, पण आपल्याला आल्याचं तिने इतक्यांदा सांगितलं की बाईंनी तिला वर्गाबाहेर एक फेरी मारून यायला पाठवलं.

मुलं गेल्यावर आई बाकातून जेमतेम बाहेर पडली, पायाला मुंग्या आल्या होत्या.

"आपण अठरा पानं मागे आहोत," ती म्हणाली.

"अठरा. मोजते मी." बाई फळा पुसत होत्या. "आता पाच-सहा भराभर होतील. सगळी होणार नाहीत."

"परीक्षेत यातली येतील."

"येतील. काही मुलांना जमणार नाहीत. भिंगरीलाही कदाचित."

यावर धीराचं काहीतरी येईल म्हणून ती थांबली. आलं नाही. बाईंनी फडकं झटकलं, खडूचा ढग दोघींच्या मध्ये उठला आणि हळूहळू खाली बसला.

"निकाल लागल्यावर या," बाई म्हणाल्या. "आणि विचारा मला. मी इथेच असेन."

"विचारीन," भिंगरीची आई म्हणाली.